३ बारचा दाब आणि सुरू न होणारी गाडी : ऑफ-रोड मोटारसायकलसाठी घेतलेल्या तपासणी संचाचे परीक्षण

सप्टेंबर २०२४ मध्ये मी तीन वस्तू विकत घेतल्या : इंधनाचा दाब मोजणाऱ्या गेजचा संच (२,१०० रुपये), गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारा, सहा पिनच्या केबलसह ब्लूटूथ स्कॅनर (१,४५० रुपये) आणि व्होल्टेज मोजणारा एक साधा डिजिटल मल्टीमीटर (९०० रुपये). गेली दहा महिने या तिन्ही वस्तू मी स्वतःच्या आणि चार मित्रांच्या मोटारसायकलींवर वापरल्या आहेत. त्यांतील कोणती वस्तू खरोखर उपयोगी पडली, कोणत्या वस्तूने दिशाभूल केली आणि विकत घेताना काय पाहावे, हे इंजेक्शनची (संगणकाच्या हिशेबाने पेट्रोल फवारणारी) गाडी घेऊन डोंगरात जाणाऱ्यांना कळावे म्हणून हे परीक्षण लिहीत आहे.

आधी खरेदीचे कारण सांगतो. माझी गाडी एक सिलिंडरची असून ती मी २०२१ मध्ये घेतली. पुण्याहून वेल्हे, केळद, मढे घाट आणि पुढे पानशेतच्या बाजूच्या कच्च्या वाटा हा तिचा नेहमीचा संचार आहे. सकाळी ती पहिल्या सेल्फला सुरू होत असे. मात्र चाळीस-पन्नास मिनिटे चढावर चालवून चहासाठी थांबलो आणि दहा मिनिटांनी पुन्हा सेल्फ मारला की इंजिन नुसते फिरत राही, पेटत नसे. अर्ध्या तासाने, इंजिन निवल्यावर, काहीच झाले नसल्यासारखी ती सुरू होई. पुढे लांब चढावर पिकअपही तुटू लागला. शहरातील एका सेवा केंद्रात त्यांनी आपले यंत्र लावले, पी०१२२ हा दोषसंकेत वाचला आणि संपूर्ण थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) बदलण्याचा अकरा हजारांचा अंदाज माझ्या हाती दिला. तो अंदाज घेऊन मी घरी आलो आणि स्वतः तपासायचे ठरवले.

स्कॅनरपासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांची पहिली खरेदी तीच असते. भारतात एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले, तेव्हापासून बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आले आणि सीटखाली किंवा बाजूच्या पॅनेलमागे तपासणीचा कप्लर (वायरींचा जोड) दिसू लागला. आता बऱ्याच गाड्यांवर हा कप्लर सहा पिनचा आणि सहसा लाल रंगाचा असतो. बाजारातील स्वस्त स्कॅनर मुळात मोटारींच्या सोळा पिनच्या कप्लरसाठी बनवलेले असल्याने मध्ये जोडकेबल लागते. येथे पहिली सावधगिरी हवी. काही गाड्यांचा संगणक कॅन पद्धतीने बोलतो, तर काहींचा जुन्या के-लाइन पद्धतीने, आणि अतिस्वस्त स्कॅनरांपैकी कित्येकांना दुसरी पद्धत नीट जमत नाही, मग वेष्टनावर काहीही छापलेले असो. मी आधी घेतलेला साडेचारशे रुपयांचा स्कॅनर माझ्या गाडीशी जोडलाच गेला नाही. दुसरा, तिप्पट किमतीचा, जोडला गेला.

त्या स्कॅनरनेही पी०१२२ हाच संकेत दाखवला. या संकेताचा अर्थ थ्रॉटलची स्थिती सांगणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज अपेक्षेपेक्षा कमी मिळाले, एवढाच आहे. सेन्सर निकामी झाला आहे, असे तो म्हणत नाही. त्या सेन्सरच्या कप्लरमध्ये पाणी गेले, पिन हिरवी पडली, कोणी किल्ली चालू ठेवून कप्लर उपसला, तरी हाच संकेत नोंदला जाऊ शकतो. मी कप्लर उघडला तेव्हा आत पावसाळ्यातला बारीक चिखल सुकून बसलेला होता. पिना साफ करून सुकवल्या, कप्लरच्या रबरी कडेला डायइलेक्ट्रिक ग्रीस (पाणी आत शिरू न देणारे) लावले आणि संकेत पुसून टाकला. त्यानंतर स्कॅनरच्या थेट आकड्यांत मूठ हळूहळू पूर्ण पिळून पाहिली, तेव्हा थ्रॉटलची टक्केवारी कुठेही न अडखळता चढली आणि उतरली. तो संकेत आजतागायत परत आलेला नाही. गरम झाल्यावर गाडी सुरू न होण्याचा त्रास मात्र जसाच्या तसा राहिला. म्हणजे अकरा हजारांची थ्रॉटल बॉडी बदलूनही मी केळदच्या रस्त्यावर तसाच उभा राहिलो असतो.

या सगळ्यातून मला जे समजले, ते मला फार महत्त्वाचे वाटते. आपल्याकडच्या बहुतांश एक सिलिंडरच्या इंजेक्शन गाड्यांत इंधनाचा दाब मोजणारा सेन्सर नसतोच. टाकीतला पंप आणि त्याच्याजवळचा रेग्युलेटर मिळून ठरलेला दाब ठेवतील, असे गाडीचा संगणक गृहीत धरतो आणि त्या गृहीतावर पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा याचा हिशेब करतो. पंपाच्या वायरिंगमध्ये बिघाड झाला तर तो ओळखू शकतो. पंप फिरतो आहे पण पेट्रोल पुरेशा जोराने पुढे जात नाही, हे त्याला दिसत नाही. स्कॅनर संगणकाला माहीत असलेलेच सांगू शकतो, त्यामुळे सुरू न होण्याच्या तक्रारींतला एक मोठा गट त्याच्या नजरेबाहेर राहतो.

तो गट दिसतो दाबाच्या गेजमध्ये. संचात एक तबकडी, दाब सोडण्याचे बटण असलेली नळी, टी-आकाराचे जोड आणि निरनिराळ्या मापांचे डझनभर अॅडॉप्टर येतात. पंपाकडून इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळीच्या मध्ये टी बसवायची आणि गेज पाहायचे, इतके हे काम सोपे आहे. मात्र त्याआधी लाइनमधला दाब काढणे अत्यावश्यक आहे. पंपाचा कप्लर काढून इंजिन सुरू करावे, ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, मग किल्ली बंद करून बॅटरीचे ऋण टोक सोडावे आणि सांध्यावर फडके धरूनच नळी उपसावी. गरम इंजिनवर हे काम कोणीही करू नये. मी ते नेहमी उघड्यावर करतो आणि शेजारी अग्निशामक नळकांडे ठेवतो. ज्यांना हे शक्य नाही त्यांनी गेज विकत घेऊन विश्वासातल्या मेकॅनिककडे न्यावा, त्यात काहीही कमीपणा नाही.

बऱ्याच मोटारसायकलींत ठरलेला दाब ३ बारच्या आसपास, म्हणजे सुमारे ४३ पीएसआय असतो, तर काहींत ३.५ बारपर्यंत. आपल्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा. माझ्या गाडीवर थंड असताना किल्ली फिरवल्यावर पंप दोन-तीन सेकंद वाजला आणि काटा ४० वर गेला. इंजिन सुरू असताना तो ४१ वर स्थिर होता. हे पाहून मी जवळजवळ गेज काढून ठेवणार होतो. सुदैवाने आवाराबाहेरच्या चढावर, काटा डोळ्यांसमोर राहील अशा रीतीने गेज टाकीवर पट्ट्याने बांधून, आणि नळी सायलेन्सरपासून दूर नेऊन, मी गाडी खालच्या गिअरमध्ये पाऊण तास चालवली. काटा हळूहळू ३२ वर, मग २६ वर आला. गाडी बंद केल्यावर दीड मिनिटाच्या आत तो शून्यावर टेकला.

हा शेवटचा आकडा सर्वांत बोलका होता. इंजिन बंद केल्यावरही लाइनमध्ये बराच वेळ दाब टिकायला हवा. तो टिकला नाही तर गरम इंजिनशेजारच्या नळीत पेट्रोलची वाफ होते, आणि पुन्हा किल्ली फिरवल्यावर पंपाचे दोन-तीन सेकंद ती वाफ ढकलण्यातच संपतात. म्हणूनच अर्ध्या तासाने, नळी निवल्यावर, गाडी सुरू होत असे. ज्यांच्याकडे गेज नाही त्यांच्यासाठी एक साधी कसोटी येथे सांगून ठेवतो. गरम गाडी सुरू होत नसेल तर सेल्फ न मारता किल्ली तीन-चार वेळा बंद-चालू करावी आणि प्रत्येक वेळी पंपाचा आवाज थांबेपर्यंत वाट पाहावी. त्यानंतर गाडी पहिल्याच सेल्फला पेटली तर दाब टिकत नाही असा दाट संशय घ्यावा. माझी गाडी तशीच पेटली.

दाब कोठे जातो हे शोधायला गेजने आणखी मदत केली. बंद केल्यावर दाब पटकन उतरला, तर पेट्रोल मागे येऊ न देणारा पंपाचा वाल्व, रेग्युलेटर, गळका इंजेक्टर किंवा टाकीतली जोडनळी, यांपैकी काहीतरी गळते आहे असे समजावे. दाब टिकतो पण भार पडल्यावर खाली येतो, तर पंपाखालची पेट्रोल गाळणारी जाळी तुंबली आहे किंवा पंप थकला आहे. माझ्याकडे दोन्ही लक्षणे होती, आणि पंप बाहेर काढल्यावर दोन्ही कारणेही निघाली. पंपापासून रेग्युलेटरकडे जाणारी टाकीतली लहान नळी कडक होऊन वळणावर चिरली होती आणि तिच्यातून पेट्रोल परत टाकीतच उडत होते. पंपाखालच्या जाळीवर तांबड्या मातीचा लेप बसला होता. तो कोठून आला हे मला ठाऊक आहे. कोकणात उतरल्यावर, पेट्रोल पंप लांब म्हणून, दुकानाबाहेर लटकवलेल्या बाटलीतले पेट्रोल मी तीन वेळा गाळून न घेता टाकीत ओतले होते. नळी आणि जाळी मिळून सव्वासातशे रुपये खर्च आला. आता काटा ४३ वर उभा राहतो आणि बंद केल्यावर दहा मिनिटांनीही ३६ च्या खाली येत नाही.

स्कॅनरवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट नोंदवतो. नंतर विचार करताना लक्षात आले की त्याने या दुखण्याची खूण दाखवली होती, मला ती वाचता आली नव्हती. थेट आकड्यांत दीर्घकालीन इंधन-दुरुस्ती +१७ टक्क्यांवर होती. ऑक्सिजन सेन्सरला मिश्रण सतत पातळ दिसत होते, म्हणून संगणक इंजेक्टर अधिक वेळ उघडा ठेवून कमतरता भरून काढत होता. दुरुस्तीनंतर हा आकडा काही दिवसांत +३ वर आला. सर्वच मोटारसायकली हा आकडा स्कॅनरला देत नाहीत. आपली देत असेल, तर गाडी निरोगी असतानाच तो लिहून ठेवावा.

स्कॅनर खऱ्या अर्थाने कामी आला तो एका मित्राच्या गाडीवर. ओढा ओलांडल्यावर तिचे इंजिन बंद पडले, नंतर काही केल्या सुरू होईना आणि प्लग काढला तर तो पेट्रोलने भिजलेला. स्कॅनर लावताच इंजिनाचे तापमान उणे ४० अंश दिसले. तापमानाच्या सेन्सरची वायर तुटली की संगणकाला कडाक्याची थंडी भासते आणि तो थंड सुरुवातीसाठी लागते तितके भरपूर पेट्रोल सोडत राहतो. फांदीने ओढली गेलेली ती वायर जागेवर जोडली, प्लग पुसून बसवला, मूठ पूर्ण पिळून सेल्फ मारला, आणि गाडी सुरू झाली. मूठ पूर्ण पिळलेली असताना सेल्फ मारला तर बऱ्याच इंजेक्शन प्रणाली इंधन तोडतात, त्यामुळे भिजलेला सिलिंडर सुकतो. हे प्रत्येकाने आपल्या मॅन्युअलमध्ये पाहून ठेवावे. तेव्हापासून मी दर महिन्यात एकदा सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी, इंजिनाचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान स्कॅनरवर पाहतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असले पाहिजेत. त्यांत दहा-बारा अंशांचे अंतर असेल तर एक सेन्सर खोटे बोलतो आहे.

मल्टीमीटरबद्दल लिहिण्यासारखे थोडे आहे, पण प्रत्यक्षात तोच सर्वांत आधी हाती घ्यावा. पूर्ण भारित बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास असावी आणि सेल्फ मारताना १० च्या फार खाली जाऊ नये. दुसऱ्या एका मित्राच्या गाडीत सेल्फ मारताना संगणकापर्यंत ८.७ व्होल्टच पोहोचत होते. इंजिन फिरताना दिसे, पण इतक्या कमी व्होल्टेजवर संगणक मध्येच नव्याने सुरू होई आणि ना ठिणगी पडे ना इंजेक्टर उघडे. बॅटरी नवीनच होती. इंजिनाच्या अर्थिंगच्या वायरचे टोक चिखलाने गंजले होते. पॉलिश पेपरचा एक तुकडा आणि दहा मिनिटे, एवढ्यात काम झाले.

गाडी आडवी पडल्यानंतर सुरू होत नसेल तर मात्र या तीनपैकी एकही वस्तू पिशवीतून काढू नये. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत कलंडल्यावर इंधन आणि ठिणगी तोडणारा सेन्सर असतो. गाडी उभी करून किल्ली बंद करावी, काही सेकंद थांबून पुन्हा चालू करावी आणि पंपाचा आवाज येतो का ते ऐकावे. किल स्विच हाताच्या धक्क्याने दाबला गेलेला नाही ना, साइड स्टँडच्या स्विचमध्ये चिखल बसलेला नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे. मढे घाटाच्या रस्त्यावर आम्ही एकदा पाऊण तास वायरिंग उघडून बसलो होतो आणि दोष निघाला साइड स्टँडच्या स्विचमध्ये.

आता वस्तू म्हणून या संचांतील उणिवा. गेजची तबकडी ० ते १४० पीएसआयची आहे. आपले काम ३० ते ५० च्या दरम्यान चालते, म्हणजे काटा कायम तबकडीच्या पहिल्या साधारण एक-तृतीयांश भागात राहतो आणि दोन-तीन पीएसआयचा फरक नीट वाचता येत नाही. ० ते १०० ची तबकडी मिळाली तर थोडे अधिक पैसे देऊन तीच घ्यावी. आकड्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी मी गेज हवेच्या पंपाला जोडून एका खात्रीच्या टायर गेजशी पडताळला. ४० वर तो एक पीएसआय जास्त दाखवत होता, जो चालण्यासारखा फरक आहे. अॅडॉप्टरांपैकी बहुतेक मोटारींसाठी आहेत. माझ्या गाडीच्या नळीला त्यांतील एकच बसला, आणि एका मित्राच्या गाडीला एकही बसला नाही, तिच्यासाठी वेगळा जोड करून घ्यावा लागला. खरेदीपूर्वी आपल्या पंपाच्या तोंडाचा व्यास व्हर्नियरने मोजून विक्रेत्याला विचारावे. सोबत आलेले नळीचे क्लँप पातळ पत्र्याचे आहेत आणि पेट्रोलच्या कामासाठी मला ते अजिबात पटले नाहीत, मी पहिल्याच दिवशी चांगले क्लँप बसवले. दाब सोडण्याच्या बटणाची आणि पारदर्शक नळीची रचना मात्र उत्तम आहे. पेट्रोल हातावर न सांडता बाटलीत उतरते.

स्कॅनरची खोळ धुळीसाठी बंद नाही आणि तो गाडीला जोडलेला ठेवला तर बॅटरीतून थोडी थोडी वीज घेत राहतो, त्यामुळे काम झाल्यावर काढून ठेवावा. सहा पिनच्या केबलची गुणवत्ता चांगली निघाली. एप्रिल २०२३ पासून दुचाकींना ओबीडीच्या (गाडीने आपले दोष स्वतः ओळखून नोंदवण्याच्या प्रणालीच्या) दुसऱ्या टप्प्याचे निकष लागू झाले असल्याने त्यानंतरच्या गाड्यांत स्कॅनरला वाचायला अधिक मिळते. ज्यांची गाडी त्यानंतरची आहे त्यांना तो माझ्यापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

संच एकाच वेळी घेणे परवडत नसेल तर आधी मल्टीमीटर घ्यावा, मग गेज, आणि स्कॅनर शेवटी. गेज दोघा-तिघा मित्रांत मिळून घेतला तरी चालतो, कारण तो रोज लागत नाही. मात्र वायरिंगला आणि पंपाला कधीच हात न लावलेल्यांनी पहिल्या वेळी जाणत्या माणसाच्या शेजारी बसूनच तो जोडावा, असे मी आग्रहाने सांगेन.

दहा महिन्यांत गेजमध्ये एकच बिघाड झाला. मेमध्ये टीच्या सांध्यातली काळी रबरी ओ-रिंग फुगून मऊ झाली आणि दाब चढताच तिथून पेट्रोल पाझरू लागले. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये साधे नायट्रिल रबर फुगते. तबकडी, नळी आणि बटण तिन्ही शाबूत होती. मी त्याच मापाची व्हिटॉन या पेट्रोलला टिकणाऱ्या रबराची रिंग साठ रुपयांना आणून बसवली, संचातल्या बाकीच्या चार रिंगाही बदलल्या, आणि आता गेज वापरून ठेवताना प्रत्येक वेळी त्या फडक्याने पुसून बोटाने चाचपून पाहतो.